धरणापुढे उभा राहिलेला सेनापती

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे येणारा रस्ता कायगावजवळ गोदावरी ओलांडतो आणि वाळूजपाशी पोहोचेपर्यंत त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांची प्रवेशद्वारे दिसू लागतात. शहर तेव्हा औरंगाबाद या नावाने ओळखले जात होते आणि वाळूज ही ज्वारी-बाजरीच्या शिवाराची वस्ती होती. ऐंशीच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पाहता पाहता मराठवाड्याचा हा कोपरा देशाच्या औद्योगिक नकाशावर आला. कारखान्यांना पाणी मिळते ते जायकवाडीचे. म्हणजे कारखान्याखालची जमीन कोणाची तरी शेती होती आणि नळाला येणारे पाणी ज्या जलाशयातून येते त्याच्या तळाशीही कोणाची तरी गावे आहेत. उद्योग, वीज आणि पाणी यांचा जमाखर्च मांडताना या माणसांना कोणत्या रकान्यात बसवायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात ज्याने प्रथम राजकारणाच्या ऐरणीवर आणला, तो माणूस याच रस्त्याने उलट दिशेला, नगर ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या पारनेर गावचा होता. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नाव. महाराष्ट्र त्यांना सेनापती बापट म्हणून ओळखतो. पण ही सेनापतीची पदवी त्यांना कोणत्या लढाईत मिळाली, हे आज कित्येकांना सांगता येणार नाही.

बाँबची विद्या शिकून आलेला क्रांतिकारक, टिळकांचा अनुयायी, सुभाषबाबूंचा सहकारी, गोवा मुक्तीचा सत्याग्रही अशा अनेक रूपांत बापटांची चरित्रे लिहिली गेली. त्यांच्या आयुष्याचा जो भाग काळाच्या पुढे होता, तो मात्र या रूपांच्या गर्दीत मागे पडला. नदी, जमीन आणि त्यावर जगणारी माणसे यांच्यासाठी राजकारण करणाऱ्या पक्षांना जगात हरित पक्ष म्हणतात. त्यांतील अगदी पहिला मानला जाणारा पक्ष १९७२ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर जन्मला, तो पेडर नावाचे एक सरोवर जलविद्युत धरणाखाली बुडू नये म्हणून. जर्मनीतील हरित पक्ष १९८० साली स्थापन झाला आणि तीन वर्षांनी तेथील संसदेत पोहोचला. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या खोऱ्यात, याच जातीचा लढा १९२१ साली झाला होता. टास्मानियाच्या अर्धशतक आधी. जगातील पहिला धरणविरोधी लढा असे त्याचे वर्णन अभ्यासकांनी केले आहे, प्रा. राजेंद्र व्होरा यांचा या विषयावरील ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला, तो हेच प्रतिपादन करतो.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची, मुलगा मात्र कमालीचा बुद्धिमान. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना देशकार्यासाठी आयुष्य वाहण्याची शपथ त्यांनी घेतली, तीही तलवारीवर हात ठेवून. पुढे मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते १९०४ साली स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेले. जाताना उद्देश अभियंता होण्याचा कमी आणि शस्त्रविद्या हस्तगत करण्याचा अधिक होता, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून म्हणावे लागते. इंग्रजी अमलाखाली हिंदुस्थानची कोणती दशा झाली आहे, यावर त्यांनी तेथेच जाहीर भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. श्यामजी कृष्ण वर्मा यांच्या लंडनमधील इंडिया हाऊसचा आधार मिळाला, सावरकरांची संगत लाभली. तेथून हेमचंद्र दास यांच्यासमवेत पॅरिस गाठून रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनविण्याची कृती मिळविण्यापर्यंत मजल गेली. १९०८ साली ते मायदेशी परतले.

त्याच वर्षी बंगालमध्ये माणिकतोळ्याचा कट उघडकीस आला, माफीच्या साक्षीदाराने बापटांचेही नाव घेतले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले. सुमारे चार वर्षे ते निरनिराळ्या नावांनी, निरनिराळ्या वेशांत फिरत राहिले. १९१२ साली इंदूर येथे अटक झाली. परंतु सबळ पुरावा हाती न लागल्याने सुटकाही झाली. हे सारे प्रकरण त्यांच्या चरित्रकारांच्या विशेष आवडीचे आहे आणि त्यात रोमहर्षक असे पुष्कळ आहे. पण सुटून गावी आल्यावर त्यांनी जे केले ते अधिक लक्ष देण्याजोगे आहे. विलायतेत शिकून आलेला, बाँबचा जाणकार असा हा ब्राह्मण तरुण पहाटे हातात झाडू घेऊन पारनेरचे रस्ते झाडू लागला. शौचकूप साफ करू लागला. दलित वस्तीतील मुलांना शिकवू लागला. १९१४ साली पुत्र झाला, तेव्हा बारशाच्या जेवणावळीत पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गावकऱ्यांची बसविली. त्या काळच्या पारनेरमध्ये याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

झाडू ही त्यांच्या राजकारणाची पहिली निशाणी, असे म्हटले तर वावगे ठरू नये. पुढे पुण्यात चित्रमयजगत मासिकात आणि मग टिळकांच्या मराठा पत्रात त्यांनी काम केले, लोकसंग्रह दैनिकात राजकारणावर लिहिले, डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाच्या कामात हातभार लावला. पण लेखणीत त्यांचे मन फार काळ रमले नाही. १९२० साली मुंबईच्या झाडूवाल्यांनी संप केला. त्याचे नेतृत्व बापटांकडे होते. हा संप चालू असतानाच ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्याच सुमारास अंदमानात खितपत पडलेल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी डॉ. नारायणराव सावरकर यांनी चालविलेल्या मोहिमेत ते घरोघर फिरून सह्या गोळा करीत होते. शहराची घाण उपसणारा कामगार आणि अंधारकोठडीतील कैदी, दोघेही समाजाच्या नजरेआड असलेले. तिसरा असाच नजरेआडचा माणूस त्यांना मुळशीच्या खोऱ्यात भेटायचा होता.

मुळशी पेटा म्हणजे मावळचा भाग. मुळा आणि निळा या नद्यांचे खोरे, आंबेमोहोर भाताची खाचरे आणि शिवरायांच्या सैन्यात मावळे म्हणून लढलेल्यांचे वंशज. मुंबईतील कापडगिरण्यांना स्वस्त वीज हवी होती. टाटा उद्योगसमूहाने सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणच्या बाजूला कड्यावरून खाली सोडायचे आणि वीज निर्माण करायची, अशी योजना लोणावळ्याजवळ आधीच यशस्वी करून दाखविली होती. खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईला मिळू लागली होती. त्याच पद्धतीची मोठी योजना मुळशीसाठी आखण्यात आली. या कामासाठी टाटा पॉवर कंपनी १९१९ साली स्थापन झाली. धरण बांधून अडविलेले पाणी कुलाबा जिल्ह्यातील भिरा येथे उतरवायचे होते. त्यासाठी सुमारे पन्नास गावे आणि दहा हजारांहून अधिक माणसे हलविली जाणार होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ही वीज त्या काळच्या मानाने स्वच्छ वीज होती. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईला जलविद्युत हा दिलासा होता आणि स्वदेशी भांडवलाने परकीयांच्या बरोबरीने उभा केलेला हा उद्योग अनेक देशभक्तांना अभिमानास्पदही वाटत होता. म्हणजे मुळशीचा झगडा चांगल्या आणि वाईट यांच्यातला नव्हता. मुंबईच्या हवेचे आणि देशी उद्योगाचे हित एका पारड्यात आणि डोंगराआडच्या भातशेतीचे दुसऱ्या पारड्यात, असा तो होता. पहिल्या पारड्यात बसणाऱ्यांना वर्तमानपत्रे होती, कायदेमंडळ होते. दुसऱ्या पारड्यात बसणाऱ्यांना यांतले काहीच नव्हते.

शेतकऱ्यांना योजनेची बातमी कळली तीच मुळी त्यांच्या शेतात चाचणीचे चर खणले जाऊ लागल्यावर. संमती विचारण्याची पद्धत नव्हती. १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाती होता. सार्वजनिक हिताच्या नावाखाली खासगी कंपनीसाठीही जमीन घेता येत होती आणि मालकाची हरकत मानली जाईलच याची शाश्वती नव्हती. विनायकराव भुस्कुटे हे मावळ्यांना संघटित करू लागले. पुण्यातील काँग्रेसची मंडळी, केळकरांपासून शि. म. परांजपे यांच्यापर्यंत, या ना त्या नात्याने प्रश्नात लक्ष घालू लागली. गांधीजींनीही आरंभी टाटांना फेरविचाराचे आवाहन करून सत्याग्रहींविषयी सहानुभूती दाखविली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी बापटांच्या नेतृत्वाखाली शेकडो मावळे, त्यांत बायका आणि मुलेही, धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम बंद पडले. जीव द्यावा लागला तरी चालेल पण जमीन देणार नाही, हा या लढ्याचा घोष होता. मार खाऊनही हात न उगारणारा हा जमाव पाहून कंपनीने तडजोडीची भाषा सुरू केली आणि सहा महिने काम थांबविण्याचे कबूल केले. याच लढ्यात बापट लोकांचे सेनापती झाले. हा किताब सरकारने दिला नाही, कोणत्या अधिवेशनातही मिळाला नाही. धरणाच्या पायावर बसलेल्या शेतकऱ्यांनी तो त्यांना दिला.

सहा महिने संपले आणि डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या फेरीत सरकारने हात आखडता घेतला नाही. सत्याग्रहींची धरपकड झाली, त्यांना सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या. बापट आणि भुस्कुटे तुरुंगात गेले; शि. म. परांजप्यांसारख्या वयोवृद्ध संपादकालाही शिक्षा भोगावी लागली. शंकरराव देव यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते याच लढ्यात तावूनसुलाखून निघाले. तुरुंगातून सुटायचे, पुन्हा मुळशी गाठायचे आणि पुन्हा तुरुंगात जायचे, असा क्रम बापटांनी तीन वर्षे चालविला.

लढा हरला तो मात्र केवळ सरकारच्या दंडुक्याने नव्हे. मुळशीतील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. कागदोपत्री मालक सावकार, प्रत्यक्ष कसणारा मावळा. जमीन बुडाली तर सावकाराला रोख मोबदला मिळणार होता, कसणाऱ्याला मात्र पायाखालची भुई गमवावी लागणार होती. त्यामुळे मोबदल्याचे दर वाढविण्यासाठी आंदोलन हवे असणारे आणि धरणच नको म्हणणारे, असे दोन तट पडले. पुण्याच्या पांढरपेशा नेतृत्वातील अनेकांचा कल पहिल्या बाजूकडे झुकत गेला. एकेक करून मोबदले स्वीकारले गेले. जमीन एकीकडे आणि तिचा मोबदला दुसरीकडे, हा प्रकार महाराष्ट्रात त्यानंतरही धरणांच्या, रस्त्यांच्या, औद्योगिक वसाहतींच्या संपादनात पुनःपुन्हा घडला आहे. सातबारावर नाव नसलेला कुळकरी, भूमिहीन मजूर, गावचे बलुतेदार यांचे नुकसान कोणत्याच पंचनाम्यात मावत नाही. मुळशीत ते पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे दिसले, एवढेच.

गांधीजींनीही १९२४ साली आपला सल्ला बदलला. बहुसंख्यांनी मोबदला घेतला आहे, धरण निम्म्यावर आले आहे आणि आंदोलनाचा प्रमुख नेता अहिंसेवर पूर्ण विश्वास ठेवणारा नाही, ही कारणे दाखवून त्यांनी लढा आवरता घेण्यास सुचविले. पहिली दोन कारणे व्यवहाराची होती. तिसरे कारण बापटांच्या वर्मावर बोट ठेवणारे होते, आणि ते खरेही होते.

बापटांची सत्याग्रहाची कल्पना स्वतंत्र होती. ते तिला शुद्ध सत्याग्रह म्हणत. जे करायचे ते उघड करायचे, त्याची जबाबदारी घ्यायची आणि होईल ती शिक्षा, प्रसंगी मृत्यूही, स्वीकारायचा, ही त्यातली शुद्धता. साधन अहिंसकच असले पाहिजे, हा आग्रह त्यांना मान्य नव्हता. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी आपले तत्त्व आचरणात आणले. मोजक्या साथीदारांसह, हत्यारे घेऊन, धरणाच्या कामावर जाणारी गाडी त्यांनी वाटेत अडविली. गोळीबार झाला, कामावरची माणसे जखमी झाली. मग पळून न जाता बापट पोलिसांच्या स्वाधीन झाले.

या प्रसंगाचे समर्थन करणे कठीण आहे. जखमी झालेली माणसे कंपनीचे भागधारक नव्हती, पोटासाठी कामावर आलेली होती. आणि तीन वर्षे मार खाऊनही हात न उचलणाऱ्या मावळ्यांनी कमावलेले नैतिक बळ त्या एका सकाळी खर्ची पडले. बापटांच्या चाहत्यांनी या घटनेला वीरश्रीची झालर लावली आहे. पण एका अर्थाने ती हताशेची खूण होती. बरोबरचे पुढारी निघून गेलेले, गावकरी मोबदला घेऊन पांगू लागलेले आणि भिंत दिवसेंदिवस उंच होत चाललेली. न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली. ती त्यांनी सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात भोगली. इकडे १९२७ साली धरण पुरे झाले आणि भिऱ्याच्या वीजगृहातून मुंबईला वीज गेली. मुळशीच्या जलाशयाकाठी वर सरकलेल्या कित्येक वाड्यांना मात्र स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे विजेचा दिवा दिसला नाही.

१९३१ साली बापट सुटले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. त्याच वर्षी ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. रूढ अर्थाने राजकीय कारकीर्द म्हणतात ती येथून सुरू व्हायला हवी होती. ती काही महिन्यांतच संपली. राजद्रोही भाषणांबद्दल त्यांना पुन्हा दीर्घ शिक्षा झाली आणि ते बाहेर आले ते प्रांतिक स्वायत्ततेचा अंमल सुरू झाल्यावर, जुलै १९३७ मध्ये. तोवर काँग्रेसमध्ये मंत्रिपदांची भाषा सुरू झाली होती. बापटांना तीत रस नव्हता. सुभाषचंद्र बोस यांनी १९३९ साली फॉरवर्ड ब्लॉक स्थापन केला, तेव्हा त्याच्या महाराष्ट्र शाखेची धुरा बापटांनी घेतली.

मराठवाड्याशी त्यांचा थेट संबंध आला तो याच काळात. १९३८ च्या अखेरीस निजामाच्या हैदराबाद संस्थानात नागरी स्वातंत्र्यासाठी सत्याग्रह पेटला. एकीकडे स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदराव नानल यांच्या पुढाकाराने स्टेट काँग्रेसचा लढा, दुसरीकडे आर्य समाज आणि हिंदुत्वनिष्ठ संघटनांचा, तर तिसरीकडे औरंगाबाद आणि हैदराबादच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ. कायगाव-टोक्याजवळची गोदावरी ही तेव्हा ब्रिटिश मुलूख आणि निजामाचे राज्य यांच्यातील सीमा होती. वाळूज निजामाच्या बाजूला होते. ब्रिटिश महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या संस्थानात पाठविल्या जात होत्या. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या बापटांनीही संस्थानाच्या हद्दीत शिरून अटक ओढवून घेतली. कोणाच्या झेंड्याखाली लढा चालला आहे, याची चिकित्सा ते फारशी करीत नसत. ही त्यांची ताकद होती आणि मर्यादाही. काँग्रेस, हिंदुत्ववादी, समाजवादी, डावे अशा सर्वांच्या व्यासपीठांवर त्यांना मानाची जागा मिळाली. एकाही ठिकाणी त्यांच्या विचारांची माणसे तयार झाली नाहीत. मुळशीचा प्रश्न पुढे नेणारा पक्ष त्यांच्यामागे उरला नाही, याचे एक कारण येथे सापडते. टास्मानियात सरोवर बुडाले तरी चळवळ उरली, आणि पुढील दशकात त्याच बेटावर फ्रँकलिन नदीवरील धरण रोखण्याच्या लढ्याला यश आले. मुळशीत खोरे बुडाले आणि लढ्याची आठवणही त्याबरोबर पाण्याखाली गेली.

स्वातंत्र्याच्या दिवशी पुण्यात तिरंगा फडकविण्याचा मान बापटांना देण्यात आला. त्यानंतरही ते घरी बसले नाहीत. मे १९५५ मध्ये गोवामुक्तीसाठी ना. ग. गोरे यांच्यासह सत्याग्रहींच्या तुकडीचे नेतृत्व करीत ते पोर्तुगीज हद्दीत शिरले, तेव्हा त्यांचे वय ७४ होते. पोर्तुगीजांनी गोऱ्यांना तुरुंगात डांबले आणि या वृद्धाला परत पाठविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधिमंडळावर निघालेल्या मोर्चाच्या अग्रभागी पुन्हा तेच होते. मधल्या काळात योगी अरविंदांच्या दिव्य जीवन या ग्रंथाचा मराठी अनुवादही त्यांनी सिद्ध केला. सत्तेचे पद मात्र त्यांच्या वाटेला आले नाही आणि त्यांनी ते मागितल्याचेही कोठे दिसत नाही.

स्वतंत्र भारतात धरणे ही राष्ट्रउभारणीची प्रतीके ठरली. बापटांच्या हयातीतच, ऑक्टोबर १९६५ मध्ये, पैठणजवळ जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे लोकार्पण केले. दुष्काळाने पिचलेल्या मराठवाड्याला या पाण्याने जीवदान दिले, हे नाकारता येत नाही. वाळूजची वसाहत त्याशिवाय उभी राहिलीच नसती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली, म्हणजे मुळशीचा सत्याग्रह होऊन ५५ वर्षे झाल्यावर आणि जायकवाडीची गावे उठल्यानंतर. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, ही अट देशाच्या कायद्यात आली २०१३ साली. १८९४ चा जुना कायदा तोपर्यंत लागू होता. जमीन कसणाऱ्या पण मालक नसलेल्या कुटुंबांचा विचारही त्याच कायद्यात स्पष्टपणे झाला. मुळशीच्या मावळ्यांनी रामनवमीच्या दिवशी जे मागितले होते त्याच्या जवळपास पोहोचायला देशाला ९२ वर्षे लागली.

मुळशीच्या पाण्याचा वादही संपलेला नाही. मुळा ही भीमेच्या खोऱ्यातील नदी. तिचे पाणी नैसर्गिक उताराने पूर्वेकडे, पुणे आणि सोलापूरच्या दिशेने जायचे. वीज निर्माण करण्यासाठी ते सह्याद्रीपलीकडे पश्चिमेला वळविले गेले. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे वळवावे, अशी मागणी पुणे आणि सोलापूर भागातून गेली अनेक वर्षे होत आली आहे. बापटांनी पाण्याच्या दिशेचा मुद्दा कधी मांडला नव्हता. त्यांच्यापुढे माणसे होती. पण नदी कोणाची, हा प्रश्न एकदा विचारला गेला की त्याला वेळोवेळी नवे वारसदार मिळत राहतात.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत सेनापतींचे निधन झाले. १९७७ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. मुंबईतील सेनापती बापट मार्ग माहीमकडून लोअर परळपर्यंत रेल्वेला समांतर जातो. तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या नळावरून त्याला पूर्वी तुळशी पाइप रोड म्हणत, आणि जुने मुंबईकर अजूनही तसेच म्हणतात. ज्या कापडगिरण्यांच्या विजेसाठी मुळशीची भातखाचरे पाण्याखाली गेली, त्यांतल्या कित्येक याच रस्त्याच्या आजूबाजूला होत्या. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आणि बाजारसंकुले आली. भिऱ्याचे वीजगृह चालू आहे.